बाईंच्या पूर्ण बाह्या

बाईंच्या पूर्ण बाह्यांची एकेकाळी नुसती साथ आली होती. बंद गळा, मनगटापर्यंत बाही. भर उन्हाळ्यात घामाघूम होत पोरी तसले झगे मिरवायच्या. ती फॅशन माझ्या हातची. मी स्टुडिओत कपडे शिवायचे आणि बाईंचा भाऊ बाईंना मारायचा, एवढीच तिची कुळकथा.

दादा म्हणायचे सगळे त्याला. आईबाप गेल्यावर त्यानेच बाईंना गाणं शिकवलं, सिनेमात आणलं, आणि त्या उपकारांचे वळ पट्ट्याने पाठीवर उठवले. पण मेला मारताना सावध! तोंड आणि गळा सोडून मारायचा. त्यावर त्याचंही पोट होतं ना. एकदा बाईंच्या दोन बरगड्या मोडल्या. मी मुकाट्याने झग्याची शिवण उसवून श्वासाला जागा करून दिली, आणि बाई त्यातही गायल्या. दिग्दर्शकापासून दिवेवाल्यापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. आमची दातखीळ बसली होती. माझीही, सांगायला लाज वाटते.

मग बाईंना दुसऱ्या स्टुडिओचं बोलावणं आलं, एकटीला. दुसऱ्या दिवशी सकाळी कपड्यांच्या खोलीत त्या गळ्याला रुमाल गुंडाळून आल्या. सोडला, तर गळ्यावर पाच बोटं उमटलेली.

"मावशी, दादा म्हणाला, जायचं नाव काढलंस तर गळाच ठेवत नाही." आवाज घोगरा झाला होता. "आजचं गाणं होईल. उद्याचं काही सांगता येत नाही."

"मग करायचं काय?"

"कात्री घ्या. बाह्या काढा. गळाही उघडा करा."

"अहो बाई, जीव घेईल तो!"

"तसाही घेणारच आहे. निदान चार माणसांसमोर घेऊ दे."

मी कात्री चालवली.

तेव्हा गाणं आणि चित्र एकाच वेळी टिपायचे. कुणाला शिंक आली तरी ती सिनेमात राहायची. बाई शाल पांघरून उभ्या राहिल्या. मी पडद्याआड, झग्याच्या चुण्या मोडायची कोळशाची इस्त्री हातात धरून. पहिली ओळ संपली आणि बाईंनी शाल टाकली. काळेनिळे दंड, गळ्यावरची बोटं, सगळं लख्ख उजेडात. वाजवणारे अडखळले, पण थांबले नाहीत. दादा खुर्चीतून उसळला. दोघांनी त्याला धरलं.

शेवटच्या ओळीला तो सुटला. कॅमेरा तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर होता. त्यांनी त्याला येताना पाहिलं, डोळे मिटले आणि सूर तसाच लावून धरला. पडद्याआडून जाताना त्याने मला ढकललं आणि तोल सावरायला लाकडी खांबावर हात टेकला. मी त्या मनगटावर इस्त्री घातली, दोन्ही हातांनी. तो किंचाळायच्या आत दिवेवाल्याने त्याच्या तोंडात बोळा कोंबला. मग मी परत घातली. कातडी जळल्याचा वास आला. सूर मात्र हलला नाही.

बाई पुढे वीस वर्षं गायल्या, अर्ध्या बाह्यांत. दादाची मूठ पुन्हा वळली नाही. वर्तमानपत्रांनी वळ इतके हुबेहूब रंगवणाऱ्याचं भरभरून कौतुक केलं.

ते गाणं लागलं की कान देऊन ऐका. शेवटच्या सुराखाली दोन आवाज येतात. लोक म्हणतात, स्टुडिओत काहीतरी पडलं असेल. पहिला घाव बाईंचा गळा वाचवायला होता. दुसऱ्याची गरज नव्हती. तो मी इतकी वर्षं शिवलेल्या बाह्यांसाठी घातला.