तिसरीच्या वर्गातली पूर्व

हसायचं नाही, आधीच सांगते. सूर्य पूर्वेला मावळवणारी कोल्हापूर जिल्ह्यातली एकमेव बाई मीच. आणि ते पण तपासणीच्या दिवशी!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शिरोली एमआयडीसीच्या पलीकडं एका गावच्या शाळेत मी नवीनच शिक्षणसेवक होते. म्हणजे मानधनावर. तपासणीच्या साहेबांचा शेरा चांगला पडला तर नोकरी पुढं चालू, नाहीतर घरी. आणि घरी सासूबाई. त्या रोज पानावर मीठ मागावं तसं विचारायच्या, कायम कधी होणार.

मला तिसरी मिळाली. परिसर अभ्यास, जिल्ह्याचा भूगोल, त्यात सुरुवातीलाच दिशा. पुस्तकात लिहिलेलं, उगवत्या सूर्याकडे तोंड करून उभे राहा. आता आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट तुम्हाला काय सांगायचा? सूर्य सोडा, शाळेसमोरचं देऊळ दिसत नव्हतं!

मग मी डोकं लढवलं. (मी डोकं लढवलं की काय होतं, ते आमच्या ह्यांना विचारा.) फळ्यावर जिल्ह्याचा नकाशा टांगलेला होता. नकाशात वर उत्तर, खाली दक्षिण, उजवीकडं पूर्व. झालं की! फळ्याची भिंत उत्तर, उजवीकडची भिंत पूर्व. नकाशा जिथं टांगाल तिकडं उत्तर आपणहून येते, अशी माझी समजूत. स्वतःच्या पैशानं लाल ऑइलपेंट आणला आणि चारी भिंतींवर हातभर अक्षरांत दिशा रंगवल्या. मुख्याध्यापकांनीसुद्धा शाबासकी दिली, बोला!

फक्त संगीता नावाची एक चुणचुणीत पोरगी पूर्वेच्या खिडकीकडं बोट करून म्हणाली, "बाई, आमच्या घरात ह्या अंगाला मावळती म्हणत्यात."

"भिंतीवर काय लिहिलंय ते वाच," मी म्हटलं. वर सगळ्या वर्गाला दम भरला, जो दिशा चुकेल त्याला परत तिसरीत बसवीन. पोरं अशी पक्की झाली की झोपेतनं उठवलं तरी हात बरोबर भिंतीकडं जायचा.

तपासणीला साहेब सकाळी येणार होते, ते आले दुपार कलल्यावर. त्यात कितीतरी दिवसांनी लख्ख ऊन पडलेलं. मला केवढा शुभशकुन वाटला!

साहेबांनी तोंडी परीक्षा सुरू केली. पहिला प्रश्न, चंदगड कुठल्या दिशेला? अख्ख्या वर्गानं गर्रकन वळून मागची भिंत दाखवली. "दक्षिणेला!" मी खूश. साहेब मात्र त्या भिंतीकडं बघतच राहिले.

"मी चंदगडचाच," ते म्हणाले. "पण आज इकडनं घरी निघालो तर कऱ्हाडात जेवाय लागंल."

मी आपली हसले. कऱ्हाड तर उलट उत्तरेला, साहेब विनोदी आहेत म्हणून! तेवढ्यात माझ्या गालावर ऊन आलं. वळून बघते तर काय, पूर्वेच्या खिडकीत सूर्य! आणि तो चढत नव्हता हो, उतरत होता.

डोळ्यांपुढं सासूबाई दिसल्या. आधी खिडकी लावायला धावले, पोरांना ऊन लागतंय म्हणून. साहेब म्हणाले, राहू दे, बऱ्याच दिवसांनी पडलंय. मग भिंतीला पाठ लावून अक्षरांपुढं उभी राहिले. तेव्हा मी काडीसारखी होते. 'पू' झाकला की 'र्व' दिसायचा, 'र्व' झाकला की 'पू'. पेंट एवढा मोठा काढायची काय गरज होती मला?

साहेबांनी नेमकं संगीतालाच उठवलं. सूर्य कुठं मावळतो?

"पश्चिमेला."

"मग ह्यो कुठं चाललाय?"

संगीतानं सूर्याकडं बघितलं. भिंतीकडं बघितलं. माझ्याकडं बघितलं. मी देवाचं नाव घेत होते.

"त्यो चुकलाय, साहेब."

आता माझ्यानं राहवेना. मी सगळं ओकून टाकलं. पाऊस, नकाशा, ऑइलपेंट, पोरांना भरलेला दम, सगळं. चूक सूर्याची नाही बाळ, बाईंची आहे, असंही पोरीला सांगितलं. तिला ते पटलेलं दिसलं नाही.

साहेबांनी चष्मा काढला, सावकाश पुसला, परत घातला. माझा धीर सुटला. म्हटलं, "साहेब, पुढच्या वर्षी मला ठेवणार का नाही, तेवढं सांगा."

ते संगीताकडं वळले. "दिशा चुकल्यावर बाई काय करणार म्हणत्यात गं?"

"परत तिसरीत बसवत्यात."

साहेब माझ्याकडं वळले. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

"ठेवायचं की, बाई. परत तिसरीतच."