आक्का रांगेत उभ्या राहिल्या तेव्हा

पुराची मदत घ्यायला आलेल्या बाईच्या गळ्यात मी हार घातला. वर हातात नारळ देऊन म्हणालो, "चला, आपल्या शुभहस्ते वाटप सुरू करू." आयुष्यात चुका पुष्कळ केल्या, वाजतगाजत केलेली ही एकच.

त्या बाई म्हणजे आमच्या तेरच्या आक्का. चाळीस एकर बागायत, दोन ट्रॅक्टर आणि गावात कुणालाही उभं-आडवं बोलायचा परवाना.

रांग दिसली की आक्का तिच्यात शिरायच्या. लस असो, रेशनचा अंगठा असो. कुणी म्हणालं, तुम्ही कशाला, घरपोच देतो, तर म्हणायच्या, "घरी परसाद येऊ द्या. बाकीचं म्या उभं ऱ्हाऊन घेती." लग्नात गावची मोठी माणसं आतल्या खोलीत टेबलावर जेवत. आक्का मंडपात, आपल्याच शेतात खुरपणाऱ्या बायांना खेटून बसत. मुलगा कुरकुरला की, "पोटाला पत नसती, बाबा," आणि लगेच वाढप्याला हाक. खाण्यात मात्र त्यांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं.

तेरणेचं पाणी गावात शिरलं, तेव्हा शहरातल्या एका संस्थेनं पिठामिठाच्या पिशव्या पाठवल्या. मी शाळेत मास्तर, म्हणून यादी माझ्याकडं. नियमही मीच काढला: पक्कं घर असलेल्याला पिशवी नाही. संस्थेची माणसं खूश झाली. मी त्यांच्याहून जास्त. माझं स्वतःचं घर पक्कं. फक्त त्यात कमरेएवढं पाणी येऊन गेलं होतं आणि पिठाचा डबा चिखलात पालथा सापडला होता. दुकानं बुडालेली, रस्ते तुटलेले. आईला आणि बायकोला दोन दिवस बिस्किटांवर ठेवून मी ऐकवत होतो, आपण देणाऱ्यातले.

तर आक्कांनी हार काढला, ट्रॅक्टरच्या आरशाला अडकवला आणि परत रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. मागच्या बाईनं टोमणा मारलाच, "आक्का, तुमाला वो काय कमी हाय?"

"पीठ," आक्का म्हणाल्या.

मी जवळ जाऊन हळूच सांगितलं, की हे गरजूंसाठी आहे.

"पुरानं आत शिरताना सातबारा बघितला न्हाय. तुमी कशाला बघताव?"

पिशव्या पुरल्या नाहीत तर, असं मी विचारलं. प्रश्न खरा होता; पिशव्या थोड्याच होत्या.

"मग सोडा अन् अर्धं अर्धं करा. अर्ध्या भाकरीनं कुणी मरत न्हाय, लाजंनं मरत्यात. म्या हितं हाय तवर ही रांग भिकाऱ्यांची न्हाय, गावाची हाय." मग आवाज उतरवून म्हणाल्या, "तुमची मंडळी काल काडेपेटी मागाय आली व्हती. पेटवून शिजवणार काय, इचारलं, तर रडाय लागली. माझ्याबी डब्यात चिखल, देऊ काय? यादी खिशात घाला, मास्तर, अन् माझ्या मागं उभं ऱ्हावा."

सगळ्या गावासमोर, माझ्याच विद्यार्थ्यांच्या आयांच्या मध्ये, मी उभा राहिलो. मग पिंपळाखाली मघापासून 'पाणी किती उतरलं' ते बघत थांबलेले दुकानदार आणि कंपाउंडर, तेही एकेक करून खाली मान घालून माझ्या मागं आले. पिशव्या खरंच सोडाव्या लागल्या. प्रत्येकाला अर्धंच मिळालं. थोडी कुरकुर झाली, पण रिकाम्या हातानं कुणी गेलं नाही.

आक्का गेल्याला आता वर्ष होईल. संस्था अजून अधूनमधून माझ्याकडं याद्या मागते. मी 'घर पक्कं की कच्चं' हा रकाना काढून टाकलाय. त्या जागी 'आज चूल पेटली का' एवढंच विचारतो. संस्थेच्या साहेबांना हे पटत नाही. त्यांची आक्कांशी गाठ पडायला हवी होती.

त्या दिवशी मात्र मी अर्धी पिशवी घेऊन घरी आलो, ती बायकोपुढं ठेवली आणि चारचौघांत आपला मोठेपणा कसा गेला ते पडल्या आवाजात सविस्तर सांगितलं. तिनं परात ओढली, पीठ घेतलं.

"गेला ते बरं झालं," ती म्हणाली. "दोन दिवस सगळं तोच खात होता."