बारवेवरची आरोग्यमंत्री

बारवेच्या पायऱ्यांवर गया हात पसरून उभी होती आणि तिच्यासमोर काठी टेकत पोलीस पाटील. मी वर, कठड्याला घट्ट धरून. खाली जावं हे कळत होतं, पण धीर होत नव्हता.

"बाजूला हो, पोरी."

"न्हाई आबा. मी मंत्री हाय. पाण्यात पाय बुडवायचा न्हाई. गुर्जींनी सांगितलंय."

गुर्जी म्हणजे मी!

हे सगळं शाळा तपासायला आलेल्या इन्स्पेक्टरसाहेबांच्या भेटीतून उद्भवलं. देशात नुकतंच पहिलं मतदान झालेलं. साहेब म्हणाले, "मास्तर, उद्याचे पुढारी या पोरांतूनच निघायचेत. शाळेत मंत्रिमंडळ करा." आमची शाळा राणीसावरगावाकडच्या एका खेड्यात. एक मास्तर, चौथीपर्यंत वर्ग आणि जागा म्हणाल तर पाटलांचा अर्धा गोठा. तरी निवडणूक घेतली. मुख्यमंत्री, सफाईमंत्री ही पदं पोरांनी पटापट पळवली. आरोग्य कुणालाच नको होतं, ते गयाच्या गळ्यात पडलं. गया चौथीतली, धनगराची, शाळेतली एकुलती एक मुलगी.

"ह्या खात्यात करायचं काय, गुर्जी?" तिनं विचारलं. मी नारूचं सांगितलं. नारू म्हणजे पायातून बाहेर येणारा दोऱ्यासारखा लांब किडा. पायाची अशी आग होते की माणूस गार पाण्यात पाय सोडून बसतो. त्याला बरं वाटतं, पण तेवढ्यात नारूची पिल्लं पाण्यात सुटतात आणि तेच पाणी पिणाऱ्याच्या पोटात जातात. आमचं गाव त्या एकाच बारवेचं, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचं, पाणी प्यायचं.

"मग पाय बुडवणाऱ्याला अडवायचं," गया म्हणाली. मी "शाब्बास" म्हणून मोकळा झालो. मला काय माहीत, ही पोरगी दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन अडवील! आणि अडवावं तरी कुणाला? पाटलांचाच पाय नारूनं सुजलेला. रोज सकाळी ते पाय पाण्यात सोडून बसत.

"मास्तर!" पाटील वर बघून ओरडले. "हिला मंत्री कुणी केलं?"

"शाळेनं... म्हणजे वरून हुकूम आहे, पाटीलसाहेब."

"अन् बारव काय शाळेची हाय?"

काठी वर गेली. कसा कोण जाणे, मी खाली धावलो आणि गयाच्या बाजूला उभा राहिलो.

गयाला रडू फुटलं होतं, पण ती तिथून हलली नाही. "आबा, तुमी वर बसा. मी घागर भरून आणते, पायावर वतते. पाणी रानाकडं जाईल. तुमची आग बी थांबंल."

पाटलांनी काठी खाली घेतली. लंगडत निघून गेले. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ते गप्प जाणं मला भारी पडलं.

संध्याकाळी गयाचा बाप आला. "गुर्जी, पोरीचं नाव काढा. उद्यापासून ती मेंढरामागं."

"अरे, हुशार पोरगी आहे ती! पुढं शिकेल."

"मेंढरं पाटलांच्या रानात बसायलेत माझी. त्यांनी हाकललं तर जाऊ कुठं?" मान खाली घालूनच तो म्हणाला, "तुमची बदली हुईल, गुर्जी. आमाला हितंच राहायचंय."

त्या रात्री मला जेवणसुद्धा गेलं नाही.

सकाळी गया आली नाही. मुख्यमंत्री आणि सफाईमंत्री दोघांनीही दारातच राजीनामे दिले, घरच्यांनी तसं बजावून पाठवलं होतं. हजेरी होतेय तोच पाटलांचा गडी आला. "मास्तर, बारवेवर बोलवायलेत." झालं! गोठा गेला, शाळा गेली, आता मारही बसणार, असं धरूनच मी निघालो. वाटेत दोनदा वाटलं, तसंच रेल्वेचं स्टेशन गाठावं.

पाटील सगळ्यात वरच्या पायरीवर बसलेले. पायाची चिंधी सोडलेली. शेजारी रिकामी घागर.

"ती पोरगी कुठाय?"

"बापानं शाळेतून काढली, पाटीलसाहेब. घाबरलाय तो."

"कुणाला?"

"तुम्हाला."

पाटलांनी सुजलेल्या पायावरून हात फिरवला. मग म्हणाले, "लय आग व्हायलीय, मास्तर. घरातलं एक माणूस म्हणलं न्हाई की तुमी बसा, मी पाणी आणते. बोलवा तिला. अन् तिच्या बापाला सांगा, मेंढरं हलवायची न्हाईत."

मी धोतर सावरत रानाकडं पळालो.

गया शाळेत परत आली. खुद्द पाटील वर बसून पायावर पाणी घेऊ लागल्यावर बाकीचे नारूवाले कुठल्या तोंडानं खाली उतरणार? तेही वर बसू लागले. त्यांना पाणी द्यायला दोन्ही माजी मंत्री आपणहून आले.

पुढच्या भेटीत साहेबांना हे सांगितलं, तर त्यांनाच घाम फुटला. "अहो मास्तर, मंत्रिमंडळ शाळेपुरतं होतं हो! पाटलांनी तक्रार केली असती म्हणजे?"

"मीही मनात तेच म्हणत होतो, साहेब. पण ते गयाला कुणी सांगायचं?"

पोरांना पुढारीपण जरूर शिकवावं. फक्त एवढं ध्यानात ठेवावं, की पोरं ते खरंच मानतात. मग भ्यायचं काम तेवढं मास्तराकडं उरतं.