सुंदराबाईची कुजबुज

गुजरातेतल्या लिंबायतमध्ये कुणाला भाड्याची खोली घ्यायची असली, की तो आधी सुंदराबाईचं दार वाजवायचा. अमळनेरकडची ही बाई काही दलाल नव्हती, पण तिने नाक मुरडलेली खोली घ्यायची कुणाची छाती नव्हती. घरमालकाशी बोलायचंच नाही, हा तिचा खाक्या. तो बापडा पंखा लावून दाखवतोय, नवा रंग दाखवतोय, आणि ही बया शेजारणीकडे पाणी मागायला गेलेली! शेजारणीचा माठ बघितला, की नळाचं खरंखोटं तिला कळायचं. मग गच्चीवरची दोरी. वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर काजळी दिसली, म्हणजे पांडेसऱ्याच्या गिरण्यांचा धूर इकडे येतो, खोली बाद. प्लेगच्या साली अख्खी गल्ली गावी पळाली होती. तिथून परत आल्यापासून गटार बघितल्याशिवाय ती कुठला उंबरा ओलांडत नसे.

आणि एवढी पारखी बाई स्वतः राहायची कुठे? तर लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, कारखान्यावर! खाली लूम, वर खोली. मांडणीतली भांडी दिवसभर थरथरायची. नवरा भिकन खालीच कामाला होता, म्हणून सोयीचं पडेल असं म्हणत दोघं तिथे आले आणि राहिले ते राहिलेच. लेक वर्षा तिथेच वाढली. तान्ही असताना लूम सुरू झाले की ती दचकून उठायची, आणि सुंदराबाई तिच्या कानांवर हात धरून बसायची. ते दचकणं तिच्या काळजात रुतून बसलं होतं. आता तीच वर्षा पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती. माझं नातवंड या खडखडाटात झोपणार नाही, असं सुंदराबाईने नवऱ्याला ठणकावलं आणि चपला पायात सरकवल्या.

लोकांना खोल्या सुचवणाऱ्या बाईला स्वतःसाठी मात्र एकही पसंत पडेना. शेवटी बमरोलीच्या रस्त्याला, एका सोसायटीत, कांताबेन नावाच्या एकट्या म्हातारीच्या घरावरची खोली सापडली. माठ भरलेला, कपडे पांढरेशुभ्र, गटार झाकलेलं. आणि शांतता तर अशी, की कबुतर उडालं तरी कळावं! कांताबेनला मोडकंतोडकं मराठी यायचं.

"जो बेन, बघ," ती म्हणाली, "मला अवाज नाय चालत. आधीच्या भाडूतचा टीवी रात-दिवस चालू. काढून टाकला."

"आम्ही दोघंच आहोत, बा," सुंदराबाई तिला गुजराती रीतीने आई म्हणत म्हणाली. आणि ते खरंच होतं, त्या दिवसापुरतं.

राहायला आले त्या दिवशी कांताबेनने प्रेमाने वाटीभर डाळ वर आणून दिली. सुंदराबाईने तिच्या तोंडावर चाखून "बहु सरस!" म्हटलं. संध्याकाळी दोघं जेवायला बसले. खाली कांताबेनच्या झोपाळ्याची कुरकुर ऐकू येत होती.

"डाळ कशी लागनी?" सुंदराबाईने आवाज अगदी खाली आणून विचारलं.

"डाळ? बासुंदी शे ती!" भिकन कुजबुजला. "आपला काळा मसाला टाका ना, तवय गळाखाले उतरी."

"आनि आयका. वर्षाना बाळंतपननं म्हातारीले आताच सांगू नका. एकदाव बाळंतीण घरमा उनी का मंग कोन बाहेर काढी?"

झोपाळ्याची कुरकुर थांबली. "देखा, कितली शांतता शे," सुंदराबाई समाधानाने म्हणाली.

आता यात गोम अशी, की उभा जन्म लूमच्या आवाजावर ओरडून बोलण्यात गेलेल्या या दोघांची कुजबुज म्हणजे चार घरांना दिलेली दवंडीच होती. लिंबायतमध्ये सगळेच तसे बोलायचे, त्यामुळे कुणाला ते कधी जाणवलंच नाही. खोलीची सगळी परीक्षा घेणाऱ्या बाईने आपला गळा तेवढा तपासला नव्हता! आणि अहिराणी काय, गुजरात्याला न कळायला फार लांबची आहे होय?

दुसऱ्या दिवशी सकाळी कांताबेन कठडा धरत वर आली आणि तिने रिकामी वाटी पुढे केली.

"सुंदराबेन, जरा काळा मसाला दे. बासुंदीमध्ये टाकते."

सुंदराबाईचा चेहरा पांढराफटक पडला. भिकन दात घासायचं निमित्त करून मोरीत जो शिरला, तो बाहेर येईना.

"चुकलं, बा!" तिचा बांध फुटला. "पण पोरीला त्या खडखडाटात कशी आणू? तान्हं दचकतं हो! बाळंतपण होऊ द्या, मग काढा आम्हाला. आत्ता नका काढू." तिचं रडणं असं होतं, की समोरच्या तीन खिडक्या उघडल्या.

"धीमे, धीमे!" कांताबेनने कानांत बोटं घातली. मग भिकनला मोरीतून बाहेर बोलावलं आणि माळ्याकडे बोट केलं. धुळीने माखलेलं लाकडी घोडियुं, म्हणजे पाळणा, खाली उतरलं. तिचे दोन्ही मुलगे त्यात झोपलेले. आता ते मुंबईला, आणि इकडे फिरकतात दिवाळीला.

सुंदराबाई पदराने धूळ पुसायला लागली. हसावं की रडावं, तिला कळेना.

"छोकरु रडला तर रडू दे," कांताबेन जिना उतरता उतरता म्हणाली. "पण तुम्हा दोघांना कुजबुज करायची असेल तर लिंबायतला जाऊन करा. नायतर छोकरु झोपणार कधी?"