शरयूताईंनी काढून घेतलेला डबा

शरयूताईंची आणि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात बेसनलाडवांचा डबा होता. तो त्यांनी आधी काढून घेतला आणि मग मला आत बोलावलं. त्या आता पंचाहत्तर वर्षांच्या होताहेत. फौजदारी वकील म्हणून शिकागोजवळच्या शॉमबर्गमधल्या किती मराठी घरांवरचं संकट त्यांनी परतवलं, ते इतर मंडळी लिहितीलच. मी माझ्यापुरतं लिहितो.

त्या भेटीच्या आदल्या आठवड्यात आमच्या अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, मी तासभर खपून बर्फ उपसलेल्या जागेवर शेजाऱ्याने गाडी लावली. बाचाबाची झाली, त्याने फावडं उगारलं, मी त्याला ढकललं. तो पडला, मनगट मुरगळलं, आणि पोलिसांनी मला नेलं. सोडताना कोर्टाने अट घातली की शेजाऱ्याशी कसलाही संपर्क ठेवायचा नाही. मी सही केली खरी, पण समोरच्याच्या घरी जाऊन हात जोडले, तोंड गोड केलं की मिटतं, हे आपल्या हाडात मुरलेलं. बायकोने लाडू वळले. त्याच्या दारी जाण्याआधी, केवळ मित्राच्या आग्रहाखातर, मी ताईंकडे डोकावलो.

"हा डबा घेऊन त्याची बेल वाजवलीस तर अट मोडली म्हणून सरळ आत जाशील," ताई म्हणाल्या. "बस, कॉफी घे." ताईंची कॉफी हा त्यांचा एकमेव दोष, तो इथे नोंदवून ठेवतो.

मग त्यांनी शांतपणे कायदा समजावला. "त्याने फावडं उगारलं, तुला हात न लावता, तरी तो असॉल्ट, म्हणजे मारण्याचा धाक. तू ढकललंस, ती बॅटरी, म्हणजे प्रत्यक्ष मारहाण. वाचण्यासाठी गरजेपुरतं ढकललं असशील तर सेल्फ डिफेन्स, पण धोका टळला की तो हक्क संपतो. आता खरं सांग, किती वेळा ढकललंस?"

व्हिसा, नोकरी, सगळं त्या उत्तरावर लटकलेलं होतं. बायकोलाही न सांगितलेलं मी बोललो. "दोनदा. पहिल्या धक्क्याने फावडं हातातून सुटलं. दुसरा रागाने दिला."

बोलणी खावी लागणार असं वाटलं. त्या म्हणाल्या, "थँक यू. आता मला काम करता येईल."

कडाक्याच्या थंडीत स्वतः येऊन त्यांनी समोरच्या दारावरचा कॅमेरा हेरला. गुन्हा कबूल करून मोकळा हो, असं सुचवणाऱ्यांना त्यांनी दारातही उभं केलं नाही, कारण त्या कबुलीने व्हिसा गोत्यात आला असता. कॅमेऱ्यात टिपलेलं उगारलेलं फावडं सरकारी वकिलांना दाखवून, मी राग आवरण्याचा वर्ग पूर्ण केल्यावर खटला मागे घ्यायचा, असं त्यांनी ठरवून घेतलं. वर्गाच्या पहिल्या दिवशी मी लाजेने गाडीतून उतरेना. ताई बरोबर आल्या आणि बाहेर दोन तास शब्दकोडं सोडवत बसल्या. ते मी विसरू शकत नाही.

खटला संपला, अट उठली, त्याच दिवशी त्यांचा फोन आला. "आता जा त्याच्याकडे. लाडू मात्र नवे ने. ते मी संपवले."

मी गेलो. शेजाऱ्याला म्हणालो, दुसऱ्या धक्क्याबद्दल सॉरी. डबा हातात घेत तो म्हणाला, फावड्याबद्दल मीही.

ताई, असे डबे घेऊन चुकीच्या वेळी निघणारे आमच्यात अजून पुष्कळ आहेत. ते काढून घ्यायला तुम्ही शंभरी पार करा, ठणठणीत राहा. लाडू आम्ही पोचवत राहू.