झाकणावरचे ठोके

स्टुडिओत त्याला सगळे खडखडे म्हणत. खरं आडनाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच पडून होतं. पडद्यावर रणगाडा आला की त्याला आवाज द्यायला अंधारात याचे हात सुरू होत. मोडीत निघालेल्या शटरच्या पट्ट्या तो खडीवरून ओढायचा, की वर पडद्यावर लोखंडी पट्टे धावू लागत. तोफेचा बुरूज वळायचा तो कचेरीतल्या फिरत्या खुर्चीच्या गंजक्या स्क्रूवर. गोळा सुटल्यावर तोफ मागे यायची, तो जुन्या फ्रिजचा दरवाजा. एकदा एका निर्मात्यानं हौसेनं खऱ्या रणगाड्याचा आवाज मुद्रित करून आणला. दिग्दर्शकानं ऐकला आणि म्हणाला, हा ट्रॅक्टर वाटतो, खडखड्याला बोलवा. ही गोष्ट त्यानं घरी तीनदा तरी सांगितली असेल. बायकोनं तिन्ही वेळा ऐकून घेतली आणि विचारलं, ते सगळं ठीक, पण माझं जाड बुडाचं पातेलं कुठं आहे?

घरात तिसरा माणूस म्हणजे त्याचा थोरला भाऊ, दादा. दादा खऱ्या रणगाड्यात होता. लढाईहून परतला तेव्हा तळहातांवर भाजल्याचे डाग होते आणि बाकी सगळं जागच्या जागी होतं, असं डॉक्टर म्हणाले. परतल्यावर पहिल्या आठवड्यात त्यानं स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि घरातल्या सगळ्या दारांच्या कड्या काढून टाकल्या. बाथरूमचीसुद्धा. का, ते कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. तेव्हापासून त्या घरात रीतच पडली की बाथरूममध्ये जो जाईल त्यानं आत गुणगुणत राहायचं. बायको लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस अवघडली, मग तीही गाऊ लागली. "भाऊजींमुळे माझा गळा तयार झाला," असं ती म्हणायची आणि दादा ओठांच्या एका कोपऱ्यातून हसायचा. तेवीस वर्षं अशी गेली. दादा एका शाळेत प्रयोगशाळेचं सामान सांभाळत होता, आता घरीच असे. दिवसभर वाचे, भाजी निवडून देई, दारं उघडी आहेत ना ते बघे.

मग तो सिनेमा आला. बराचसा रणगाड्याच्या आतच घडणारा. चार माणसं, एक लोखंडी पोट. दिग्दर्शक तरुण होता, त्याला बाहेरची खडखड नको होती. आत काय ऐकू येतं ते मला पाहिजे, म्हणाला. खडखड्यानं पंधरा दिवस डोकं आपटलं. टाक्यांत शिरून बघितलं, पिंपात डोकं घालून बघितलं. दिग्दर्शक प्रत्येक वेळी सभ्यपणे मान हलवायचा, आणि शिवी परवडली, पण ही मान नको, असं त्याला होऊन गेलं.

शेवटी एका रविवारी, जेवताना, तेवीस वर्षांत जे विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं. अगदी सहज, मीठ मागावं तसं. दादा, आत असताना काय ऐकू येतं रे?

दादानं घास संपवला. बायकोनं नवऱ्याकडे असं पाहिलं की तो पाण्याचं रिकामं भांडं उगाच सरकवू लागला.

"तू आतलं विचारतोयस," दादा म्हणाला. "मी बाहेर होतो."

मग दादानं ते भांडं पालथं केलं आणि चमच्याच्या मागच्या टोकानं त्यावर ठोके दिले. तीन. थांबला. पुन्हा तीन. बराच वेळ थांबला. मग दोन.

"मी उडून बाहेर, वरच्या पत्र्यावर पडलो, आणि माझ्यामागे झाकण बसलं ते वाकून बसलं. तापलं होतं. बाकीचे आतून पान्यानं ठोकत होते." त्यानं भांडं सरळ केलं. "भाजी वाढ गं थोडी."

एवढंच. हातांवरच्या डागांचा आणि काढलेल्या कड्यांचा अर्थ ताटाशेजारी येऊन बसला, आणि तिघांनी खाली मान घालून जेवण संपवलं.

खडखड्यानं ठरवलं होतं, हे इथंच राहील. सोमवारी तो ठरवूनच स्टुडिओत गेला. पण वीस-बावीस वर्षं ज्या हातांनी दुसरं काही केलं नाही, ते हात ठरावाला जुमानत नाहीत. कोपऱ्यात एक जुनी तिजोरी पडलेली होती. पान्याला फडकं गुंडाळून त्यानं एकदाच, कसं लागतं बघावं म्हणून, आतून ठोकलं. तीन. मग तीन. काचेपलीकडच्या ध्वनिमुद्रकानं चहाचा कप खाली ठेवला. दिग्दर्शक उठून आत आला, आणि या वेळी त्यानं मान हलवली नाही.

"हे कुठून आणलंत?"

"सुचलं," खडखडे म्हणाला.

त्या एका शब्दापाशी तो पुढं पुष्कळदा परत जाणार होता.

सिनेमा बेताचाच चालला. आवाज मात्र चालला. स्टुडिओच्या संग्रहात तो गेला, पाटीवर लिहिलं होतं: ठोके, लोखंड, आतून. मग जो तो तिथून उचलू लागला. दुसऱ्या युद्धपटात तेच ठोके, बुडत्या पाणबुडीत तेच, खाणीत अडकलेल्या मजुरांना तेच. दाराच्या कुलपांच्या एका जाहिरातीतही ते आले. खडखडे संग्रह सांभाळणाऱ्या बाईंकडे गेला आणि म्हणाला, तेवढं एक काढून टाका. त्यांनी आपुलकीनं समजावलं की प्रती चार स्टुडिओंना गेल्यात, त्यांच्याकडून आणखी कुठं गेल्या देव जाणे. आणि काढायचं कशाला? एवढा छान आवाज. बायकोला त्यानं हे सांगितलं तेव्हा ती पातेलं घासत राहिली. भांडली असती तर बरं झालं असतं. एवढंच केलं तिनं की युद्धाचा सिनेमा लागला की टीव्हीचं बटण फिरवायची.

पण सुट्टीच्या एका दुपारी ती बाजारात होती आणि हा पेपर वाचता वाचता पेंगला होता. जाग आली ती ठोक्यांनी. तीन. पुन्हा तीन.

दादा खुर्चीतून उठला होता. त्यानं आधी बाथरूमचं दार पाहिलं. उघडं होतं. स्वयंपाकघराचं पाहिलं, बाहेरचं पाहिलं. सगळी उघडी. मग तो हळूहळू टीव्हीसमोर आला, वाकला आणि दोन्ही तळहात काचेवर टेकून चाचपू लागला, कडेकडेनं, फट कुठं आहे ते शोधत.

खडखडे धडपडत उठला आणि बटणाकडे हात नेला.

"बंद नको करूस," दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "आत आहेत ते."

हात तिथंच राहिला. बंद करावं तर झाकण पुन्हा याच्याच हातानं बसणार, आणि चालू ठेवावं तर ते उघडणार नव्हतं. हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? तिजोरीच्या आत त्याचाच हात होता. पुढं किती ठोके आहेत तेही त्याला पाठ होतं.

तो दादाशेजारी जमिनीवर बसला. त्यानंही एक तळहात काचेवर ठेवला. काच कोमट होती.

"आता दोन," दादा म्हणाला.

दोन ठोके वाजले.