विरोधात एक हात

आमच्या चर्चच्या मंडळीतल्या मुली दर उन्हाळ्यात पाठीवर तंबू बांधून वरच्या तळ्याकाठी मुक्कामाला जातात. सोबतीला चार-पाच मोठ्या बायका लागतात, आणि त्यांतल्या बहुतेकींना पुढे चालायची भारी हौस. नेड्रा बॅरसला, मुलींच्या सिस्टर बॅरसला, मात्र रांगेच्या शेपटीवरून कुणी हलवू शकत नसे. मागे पडलेली, टाचेला फोड आलेली, घरी जायचं म्हणून मुसमुसणारी पोरगी शेवटी तिच्याच हाती लागायची, आणि चढ संपेपर्यंत आईलाही न सांगितलेलं सगळं सांगून मोकळी व्हायची. नेड्राचा नवरा गेलेला, मूलबाळ नाही. वर्षभर शाळेच्या स्वयंपाकघरात राबायचं आणि या मुक्कामाची वाट बघायची, एवढंच तिचं आयुष्य.

यंदा शॉना विक्सम आली. दंतवैद्याची बायको, तिशीच्या आतली, गावात नवी. पहिल्याच संध्याकाळी, पायथ्याच्या मुक्कामात, निखाऱ्यांवर फॉइलमध्ये गुंडाळलेला बटाटा-खिमा भाजत असताना सगळ्या मुली तिच्याभोवती गोळा झाल्या. नेड्राच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दात तर असणारच छान, दंतवैद्य घरचाच आहे, असं ती पुटपुटली आणि आपला बटाटा करपवून बसली.

दुसऱ्या दिवशी चढाला शॉनाला रांगेच्या पुढे ठेवलं होतं. अर्ध्या वाटेवर बघावं तर बाई मागे, थेट नेड्राच्या जागेवर. मग एकेक मुलगीही रेंगाळत तिच्यापाशी आली. हसणं काय, खिदळणं काय. एकीनं तिची पिशवी घेतली, दुसरीनं अंथरुणाची वळकटी. राणीसाहेबांना ओझंसुद्धा जड झालं! नेड्रानं दोनदा बुटाची नाडी सोडून बांधली, पण तिच्याकडे कुणी फिरकेना. अंगाचा नुसता तिळपापड झाला. शेवटी ती मागे न बघता तरातरा चालत सुटली आणि जन्मात पहिल्यांदा सगळ्यांच्या आधी तळ्यावर पोचली. एकटीच. तिथे दगडावर बसून तिनं शॉनाच्या नावानं बोटं मोडली.

पुढच्या रविवारी चर्चच्या सभेत मुलींच्या मुक्कामाची यापुढची प्रमुख नेमायची होती. ती नेड्राच होणार असं सगळे धरून चालले होते, आणि नेड्रा तर नवा झगा घालून आलेली. आमच्यात पगारी पाद्री नसतो, मंडळीतलाच एक जण बिशप होतो. बिशप लॉन हा बटाट्याची शेती करणारा, नेड्राच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. त्यानं उभं राहून नाव वाचलं ते शॉनाचं.

नाव वाचलं की मान्य असणाऱ्यांनी उजवा हात वर करायचा. मग बिशप रिवाज म्हणून विचारतो, कुणाचा विरोध? आणि उत्तराची वाट न बघता पुढे जातो, कारण विरोधाचा हात आमच्याकडे कुणी पाहिलेलाच नाही. नेड्रानं ठरवलं, हात वर करायचा, पण सावकाश. कळू दे तिला, किती जिवावर येतंय ते. तो इतका सावकाश गेला की पोचेपर्यंत दुसरा प्रश्न विचारून झाला होता. सगळं सभागृह वळून बघायला लागलं. चूक तिच्या लक्षात आली, हात खालीही आणता आला असता. खरं सांगायचं तर तिनं तो आणला नाही.

विरोध झाला की कारण विचारावंच लागतं. सभा संपल्यावर लॉननं तिला आपल्या खोलीत बसवलं.

"मावशी, हिच्याबद्दल तुला काही वाईट ठाऊक आहे का?"

तेवढ्यात दार वाजलं आणि शॉनाच आत आली. डोळे सुजलेले.

"सिस्टर बॅरसचं बरोबर आहे, बिशप. मी तुम्हाला आधीच म्हटलं होतं, मला जमायचं नाही. चढावर मला श्वास पुरेना. मागे पडून रडत होते. मुलींनी माझं ओझं वाटून घेतलं, काहीबाही विनोद करून मला वर नेलं." मग ती नेड्राकडे वळली. "सगळ्यांनी सांगितलं होतं, मागे पडलीस तरी घाबरू नको, सिस्टर बॅरस असतात. पण तुम्ही तर पुढे निघून गेलात."

नेड्राला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण लाजेच्या खालून पुन्हा तीच जळजळ वर आली, आधीपेक्षा वाईट. हिच्यासाठी मुली थांबल्या होत्या.

"हिच्यात काही खोट नाही, लॉन," ती म्हणाली. "मी जळत होते. आत्ताही जळतेय." तिनं दोन्ही हातांनी गुडघा धरला. "हा कित्येक वर्षं दुखतोय. उतारावर तर डोळ्यांत पाणी येतं. कुणाला दिसू नये म्हणूनही मी मागे चालते."

"मग कधी बोलली का नाहीस?"

"मुली आपापलं सांगत होत्या ना," नेड्रा म्हणाली. "माझं कुणी विचारलंच नाही."